साजेसे गाणे आणि सुटलेले पात्र

कादंबरीतील एखाद्या पात्राला साजेसे गाणे निवडा आणि निवडीचे समर्थन करा, असा स्वाध्याय मराठीच्या वर्गात दिला जातो. स्वाध्यायाला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो 'साजेसे' या शब्दाला. साजेसे गाणे सापडले, की पात्राविषयी विचार करायचे थांबते.

'श्यामची आई'चे उदाहरण घेऊ. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला. त्यातले, कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधणाऱ्या द्रौपदीचे गाणे घरोघरी पोहोचले. श्यामच्या आईला कोणते गाणे शोभते? अर्थात हेच! का? तर दोघींच्या ठायी माया आहे. एवढ्यावर पूर्ण गुण मिळतात. पण द्रौपदीजवळ फाडायला भरजरी वस्त्र होते; श्यामच्या आईजवळ होते कर्ज, आणि सावकाराच्या माणसाने केलेला अपमान. वैभवातील त्याग आणि अभावातील माया यांतले अंतर हे गाणे दाखवू शकले असते. 'साजेसे' म्हणताच ते झाकले गेले.

आमचे म्हणणे असे, की पात्राशेजारी गाणे ठेवायचे ते पात्राला प्रश्न विचारण्यासाठी. त्यासाठी दूर जायला नको. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत आमच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. आता कादंबरीतील मोळीचा प्रसंग आठवा. महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवायला आई श्यामला पाठवते, आणि परतल्यावर स्नान करायलाही सांगते. प्रसंग श्यामचा आहे, आईचा आहे, म्हातारीचा नाही. भीमनगरची ओवी येथे ठेवून पाहा. जिच्याविषयी कादंबरी करुणेने बोलते, तिच्या समाजातील स्त्री स्वतः बोलू लागते. कोणत्या साजेशा गाण्याने हे साधले असते?

यावर कोणी म्हणेल, की आजच्या मापाने जुन्या पात्राला मोजणे हा अन्याय आहे. तसे नाही. ज्या लेखकाने १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, त्याच्या पुस्तकाला हा प्रश्न पेलत नाही असे समजणे, हाच त्या लेखकावरचा अन्याय होय. शिवाय 'स्त्री जीवन'मध्ये स्त्रियांच्या ओव्या जपणारेही साने गुरुजीच होते.

प्रश्न केवळ एका स्वाध्यायाचा नाही. या जिल्ह्यातील कितीतरी विद्यार्थ्यांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. त्या विद्यार्थ्याच्या आजीला ओवी पाठ असते. पण स्वाध्यायाच्या वहीत तो सिनेमाचे गाणे लिहितो, कारण साहित्याशेजारी आपल्या घरातले काही ठेवता येते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. 'साजेसे' या शब्दाची ही खरी किंमत आहे, आणि ती तोच मोजतो.

तेव्हा प्रश्न बदलावा: या पात्राला न शोभणारे गाणे आणा, आणि ते का शोभत नाही ते सांगा. उत्तर लिहिण्यासाठी कादंबरी पुन्हा वाचावी लागेल. तेवढे झाले तरी पुरे.