स्पेनचा सागरकिनारा आणि आपली मुले

उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशप्रवास करणाऱ्या आपल्या समाजातील कुटुंबांची संख्या वाढत आहे. दुबई, सिंगापूर, स्वित्झर्लंड ही नावे आता घरोघरी परिचित झाली आहेत. स्पेनचे नाव निघाले, की मात्र घरातील वडीलधारी मंडळी किंचित थबकतात. हा देश मांस-मासळीचा, तेथे रात्री दहा वाजता जेवायला बसतात. तेथे आपल्या मुलांचे कसे निभावणार? ही शंका अगदी रास्त आहे. तथापि योग्य गाव, योग्य महिना आणि थोडी पूर्वतयारी यांचा मेळ घातला, तर स्पेनचा पूर्वकिनारा लहान मुलांच्या कुटुंबाला फार मानवतो. या लेखात भूमध्य समुद्रावरील वालेन्सिया या एकाच शहराचा विचार करू. मोठा वाळूचा किनारा, मुलांसाठी बागा व संग्रहालये आणि व्यापारी कुटुंबाने आवर्जून पाहावी अशी एक वास्तू, हे सारे येथे एकाच मुक्कामी मिळते.

सूर्य आपल्या बाजूचा

प्रथम वेळेचा प्रश्न पाहू. वालेन्सियात मे महिन्याच्या मध्यास सूर्यास्त रात्री नऊ वाजून गेल्यावर होतो. जूनच्या अखेरीस तो साडेनऊच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाला याहून सोयीचे काय असणार? दिवसभर हिंडून, आठ वाजता निवांत जेवून, सूर्यास्तापूर्वी पाणी घेता येते. सकाळी सूर्योदय पावणेसातच्या आगेमागे होत असल्याने नवकारशीही हॉटेलातील न्याहारीच्या वेळेत सहज बसते. डिसेंबरात हेच गणित उलटे होते. तेव्हा सायंकाळी पावणेसहाच्या आतच सूर्य मावळतो आणि उपाहारगृहांच्या चुली रात्री आठ-साडेआठनंतर पेटतात. म्हणून नियम पाळणाऱ्यांनी नाताळच्या सुट्टीपेक्षा मेची अखेर किंवा जूनचा आरंभ निवडावा. आपल्याकडील शाळा तेव्हा बंद असतात, चातुर्मास सुरू व्हायचा असतो आणि ऑगस्टमधील स्थानिक सुट्ट्यांची गर्दीही नसते.

दुपारी दोन ते पाच या वेळेत तेथील अनेक लहान दुकाने बंद असतात. पुण्यातील व्यापाऱ्यांना ही प्रथा नवी वाटण्याचे कारण नाही! ही वेळ मुलांच्या विश्रांतीसाठी राखावी. तेव्हाचे ऊनही कडक असते.

वाळू, पाणी आणि जीव

लास आरेनास आणि माल्वारोसा हे शहराचे दोन सलग किनारे. वाळू बारीक, पट्टा रुंद आणि पाणी बऱ्याच अंतरापर्यंत उथळ. कोकणच्या किनाऱ्यावर आपण भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून पाण्यात उतरतो. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीतील फरक काही सेंटिमीटरांचाच असतो. सकाळी बांधलेला वाळूचा किल्ला सायंकाळीही उभा दिसतो, याचे मुलांना मोठे अप्रूप वाटते. परंतु भरती नाही म्हणजे धोका नाही असे समजू नये. पूर्वेचा वारा सुटला, की लाटा व ओढ दोन्ही वाढतात. किनाऱ्यावरील निशाण पाहण्याची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावावी: हिरवे असेल तर पोहण्यास हरकत नाही, पिवळे असेल तर सावधगिरी, तांबडे असेल तर पाण्यात पाऊल टाकायचे नाही. मे महिन्यात पाणी अजून गार असते, त्यामुळे मुले पोटऱ्यांपर्यंतच उतरतात. जून सरता सरता ते ऊबदार होते. संकटकाळी साऱ्या स्पेनमध्ये 112 हा एकच क्रमांक आहे. तो मुलांकडून पाठ करून घ्यावा.

समुद्रकिनारी मुलांचा आवडता खेळ म्हणजे लहान जाळीने खेकडे, मासे पकडून बादलीत ठेवणे. आजूबाजूची मुले हे करताना दिसतील आणि आपलीही हट्ट धरतील. येथे नुसते रागावून भागत नाही. बादलीतील थोडेसे पाणी उन्हात लवकर तापते, त्यातील प्राणवायू घटतो आणि जीव तडफडतो, एवढे सात वर्षांच्या मुलालाही समजते. जाळीऐवजी त्याच्या हाती पोहण्याचा चष्मा द्यावा. गुडघाभर पाण्यात डोके बुडवले, तरी वाळूवरून सरकणारे लहान मासे दिसतात. पकडण्यापेक्षा पाहण्यात अधिक गंमत आहे, हे एकदा अनुभवास आले की अहिंसेचा पाठ वेगळा द्यावा लागत नाही.

वालेन्सियाच्या दक्षिणेस देनियाच्या बाजूला गेल्यास किनाऱ्यावर वाळक्या पानांचे ढीग आणि तपकिरी तंतूंचे गोळे आढळतात. अनेकांना तो कचरा वाटतो. ती पोसिडोनिया नावाच्या समुद्री वनस्पतीची पाने होत. ही शेवाळ नव्हे. तिला मुळे, फुले व फळे येतात. तिची पाण्याखालची कुरणे असंख्य जलचरांचे आश्रयस्थान आहेत आणि किनाऱ्यावरील तिचा थर वाळूची धूप रोखतो. म्हणून तो ढीग मुलांना पाहू द्यावा, मात्र विस्कटू देऊ नये.

जेथे नदी होती तेथे बाग

समुद्राचा कंटाळा आला, की शहरातील तुरिया उद्यानात जावे. या बागेचा इतिहास मुलांना अवश्य सांगावा. 14 ऑक्टोबर 1957 रोजी तुरिया नदीला महापूर आला, शहर बुडाले आणि मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर नदीचा प्रवाहच शहराच्या दक्षिणेकडून वळविण्यात आला. कोरड्या पात्रातून मोठा रस्ता काढण्याचा बेत होता. नागरिकांनी विरोध करून तेथे बाग मागितली. आज सुमारे नऊ किलोमीटर लांबीचे हे उद्यान जुन्या पुलांखालून वळणे घेत जाते. भाड्याच्या सायकली घेऊन सारे कुटुंब गाड्यांच्या भीतीविना हिंडू शकते. 29 ऑक्टोबर 2024 च्या अतिवृष्टीत वालेन्सिया प्रांतात दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी नव्या पात्राने मुख्य शहराचे रक्षण केले, परंतु त्याच्या दक्षिणेकडील गावांचे अतोनात नुकसान झाले. कोल्हापूर-सांगलीचा 2019 चा पूर पाहिलेल्या आपल्या वाचकांना यावर अधिक सांगणे नको.

याच बागेत 1990 मध्ये उभारलेला गलिव्हर आहे. दोरांनी जखडलेला सत्तर मीटर लांबीचा हा महाकाय पुरुष जमिनीवर आडवा पडला आहे. त्याचे केस, बोटे, कपड्यांच्या चुण्या म्हणजे मुलांच्या घसरगुंड्या व जिने. मुले त्याच्या अंगावर चढली, की आपोआप गोष्टीतील बुटकी माणसे होतात. प्रवेशाला शुल्क नाही. उन्हात घसरगुंड्या तापतात, म्हणून सकाळी लवकर किंवा सायंकाळी जावे.

विज्ञानभवन आणि एक कठीण प्रश्न

बागेच्या समुद्राकडील टोकाला सान्तियागो कालात्रावा यांच्या कल्पनेतून साकारलेली पांढरीशुभ्र इमारतींची नगरी आहे. त्यातील विज्ञान संग्रहालयाचे ब्रीद मजेदार आहे: येथे हात न लावण्यास मनाई आहे! दहा-बारा वर्षांच्या मुलांचा अर्धा दिवस येथे सहज जातो.

शेजारीच 2003 मध्ये उघडलेले ओशनोग्राफिक हे युरोपातील सर्वांत मोठे मत्स्यालय आहे. येथे पालकांसमोर खरा प्रश्न उभा राहतो. काचेच्या बोगद्यातून चालताना डोक्यावरून शार्क तरंगत जातो, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरील विस्मय पाहण्याजोगा असतो. जखमी समुद्रकासवांवर उपचार करून त्यांना पुन्हा समुद्रात सोडण्याचे मोलाचे कामही ही संस्था करते. युद्धग्रस्त खार्किव्हहून सोडवून आणलेल्या दोन बेलुगा देवमाशांना जून 2024 मध्ये येथेच आश्रय मिळाला. दुसऱ्या बाजूला, मोकळ्या समुद्रात दूरवर विहरणारे डॉल्फिन येथे तलावात राहतात आणि प्रेक्षकांसमोर खेळ करून दाखवतात. पाणी स्वच्छ, अन्न वेळेवर. तरी बंधन ते बंधनच.

आमचे मत विचाराल, तर डॉल्फिनचा खेळ टाळावा. परंतु तिकीट काढण्यापूर्वी हा निर्णय मुलांसह बसून घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. दोन्ही बाजू त्यांच्यापुढे मांडाव्यात आणि त्यांचे म्हणणे ऐकावे. कोणी म्हणेल, कासवांच्या इस्पितळाला आपल्या तिकिटाचा हातभार लागतो. कोणी म्हणेल, कैद्याचे कौतुक कसे करायचे? अनेकांतवादाची ओळख पाठशाळेतील पुस्तकापेक्षा अशा चर्चेतून अधिक लवकर होते. कासवांविषयी उत्सुकता निर्माण झालीच, तर परतल्यावर हिवाळ्याअखेर कोकणात वेळासला न्यावे; तेथे समुद्राकडे धावणारी कासवांची पिले काचेविना पाहता येतात.

व्यापाऱ्यांचे मंदिर

वालेन्सियाच्या जुन्या भागात ‘लोन्खा’ ही रेशीमपेठेची वास्तू आहे. तिचे बांधकाम 1482 मध्ये सुरू झाले आणि 1996 मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दोरखंडासारखे पीळ घातलेले उंच दगडी खांब आणि वर ताडपत्रांसारखे फुटलेले छत पाहून मुले मान वर करून उभी राहतात. येथे बसून व्यापारी सौदे ठरवीत. रेशीम कोशातील किड्याचा जीव घेऊन मिळते, हे आपल्या मुलांना सांगायला हवेच. आपल्याकडील अनेक घरांत त्यामुळेच रेशीम वर्ज्य आहे. तरीही या दालनाच्या भिंतींवर, छताच्या बुडाशी लॅटिन भाषेत कोरलेला मजकूर प्रत्येक व्यापारी कुटुंबाने समजून घ्यावा असा आहे. ज्या व्यापारात बोलण्यात कपट नाही, दिलेला शब्द मोडला जात नाही आणि व्याजाने नाडले जात नाही, तो व्यापार चांगला. असा व्यापारी धनाने समृद्ध होईल आणि अखेरीस शाश्वत जीवन पावेल, असा त्याचा आशय आहे.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे व भेसळ यांची गणना आपल्या आचार्यांनी केली आहे. हजारो मैल दूर, वेगळ्या धर्माच्या व्यापाऱ्यांनी आपल्या पेढीच्या भिंतीवर जवळपास तीच गोष्ट लिहून ठेवली. उद्या दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या मुलाला हे तेथेच उभे करून सांगावे. त्याला ते जन्मभर स्मरेल.

ताटातील सावधगिरी

स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर घेणे सर्वांत उत्तम. लोन्खासमोरच मध्यवर्ती मंडई आहे. तेथे मांस-मासळीचे गाळेही आहेत, म्हणून फळभाज्यांच्या बाजूने जावे. मे-जूनमध्ये जर्दाळू, चेरी, पीच, टोमॅटो, ढोबळी मिरची, फरसबी विपुल मिळतात. वालेन्सियाचा प्रसिद्ध पाएया भात मूळ स्वरूपात कोंबडी व सशाच्या मांसाचा. पण त्यात कांदा घालण्याची रीत नाही. तोच भात तेथील आखूड दाण्याचा तांदूळ, फरसबी, टोमॅटो, केशर आणि ऑलिव्ह तेल घालून घरी उत्तम होतो. उपाहारगृहातील ‘भाज्यांचा पाएया’ मात्र मांसाच्या किंवा मासळीच्या रश्शात शिजवलेला असू शकतो. विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणखी काही ठिकाणी फसगत होते. ‘वेखेताल’ नावाच्या सँडविचमध्ये बहुधा टूना मासा व अंडे असते. हिरव्या ऑलिव्हच्या पोटात अँचोव्ही मासळी भरलेली असू शकते. तुर्रोन या बदामाच्या मिठाईत मध व अंड्याचा पांढरा भाग असतो. ‘आग्वा दे वालेन्सिया’ याचा शब्दशः अर्थ वालेन्सियाचे पाणी; प्रत्यक्षात ते संत्र्याच्या रसातील मद्य आहे. ‘कार्ने नाही’ एवढे सांगून भागत नाही, कारण काही वाढप्यांच्या लेखी डुकराचे सुके मांस ‘कार्ने’मध्ये मोडत नाही. म्हणून एका कागदावर स्पष्ट लिहून न्यावे: सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो, सिन थेबोया, सिन आखो, सिन पाताता, म्हणजे मांस, हॅम, मासळी, अंडे, कांदा, लसूण व बटाटा यांविना.

मुलांची खरी परीक्षा ओर्चाता करील. पांढरे, गार, गोड असे हे पेय गल्लोगल्ली मिळते. त्यात दूध नाही, अंडे नाही. सारी मुले ते पिताना दिसतात. परंतु ते ‘चुफा’पासून करतात आणि चुफा हा नागरमोथ्याच्या जातीचा जमिनीखालील कंद आहे. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात ते चालणार नाही. अशा वेळी मुलाला ‘आपल्यात नाही चालत’ एवढेच सांगून गप्प करू नये. शहराला लागून असलेल्या आल्बोराया गावी चुफाची शेते आहेत. ती त्याला दाखवावीत. एक कंद उपटताना संपूर्ण रोप मुळासकट जाते आणि मातीतील असंख्य जीवांना धक्का पोहोचतो, हे शेताच्या बांधावर पटकन उमगते. मग लिंबाचा बर्फगोळेदार ‘ग्रानिसादो’ हातात दिला, की कुरकुर उरत नाही.

शेवटच्या दिवशी शहराच्या दक्षिणेस अल्बुफेरा या सरोवरावर जावे. भोवती भाताची खाचरे, पाण्यावर बगळे आणि सपाट बुडाच्या होड्या. सायंकाळची फेरी रम्य असते. मात्र त्या दिवशी डबा बरोबर घेऊन होडीत बसण्यापूर्वीच जेवण उरकावे, म्हणजे सूर्यास्ताकडे सर्वांना निश्चिंतपणे पाहता येईल.

व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मेमध्ये जायचे असेल, तर दिवाळीनंतर लगेच कागदपत्रांना लागावे. खाकरे, मेतकूट, भाजलेले पोह्यांचे पीठ आणि छोटा कुकर यांची यादी घरातील आजीकडून करून घ्यावी; त्या बाबतीत तिच्याइतका जाणता प्रवासतज्ज्ञ अन्य कोणी नाही.