जोडी बैलांची शोभते, ग्राफिक्स कार्डांची नाही!

सेमिस्टरची परीक्षा संपली, की आपल्या हॉस्टेलमध्ये एक वाद हमखास रंगतो. कोणाला घरून पीसीसाठी पैसे मिळालेले असतात, कोणी स्कॉलरशिपचे साठवलेले असतात, आणि मग अख्खी विंग फुकटची सल्लागार बनते. "नवीन एक घेण्यापेक्षा जुने दोन घे ना बे, त्याच पैशात डबल पॉवर भेटते!" हे वाक्य मी आतापर्यंत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की यावर एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. गेमिंगसाठी दोन ग्राफिक्स कार्डांची जोडी घेऊ नका. एकच घ्या, पण बजेटमध्ये बसेल तेवढं वेगवान घ्या. (वॉर्डन सर हे वाचत असतील तर, पीसी आम्ही अभ्यासासाठीच घेतो. गेमिंग हा फक्त साइड इफेक्ट!)

आता जोडीचं हे खूळ आलं कुठून? ते काही अगदीच बिनबुडाचं नव्हतं. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीने व्हूडू २ हे कार्ड काढलं. अशी दोन कार्डं वायरने जोडली, की पडद्यावरच्या एका आड एक रेषा दोघं वाटून घेत. एकट्या कार्डाला ८०० बाय ६०० पर्यंतच झेपायचं, जोडीला १०२४ बाय ७६८ जमायचं. त्या काळात ही जादूच होती. पुढे थ्रीडीएफएक्स बुडाली, तिचं तंत्रज्ञान एनव्हिडियाने घेतलं आणि २००४ मध्ये 'एसएलआय' हे नाव नव्या रूपात बाजारात आणलं. २००५ मध्ये एटीआयने 'क्रॉसफायर' काढून उत्तर दिलं. आपले अनेक सीनियर आणि काही तरुण सरसुद्धा याच काळात वाढले. कॅबिनेटच्या काचेतून दिसणारी दोन कार्डं म्हणजे तेव्हा बुलेट गाडीसारखी शान होती. म्हणून सल्ला देणाऱ्याला मी दोष देत नाही. सल्ला तेव्हाही अर्धाच खरा होता आणि आज तोही उरलेला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

अर्धाच खरा का, ते बघू. एसएलआयमध्ये कामाची वाटणी बहुतेक वेळा अशी असायची: पहिली फ्रेम पहिलं कार्ड काढणार, दुसरी दुसरं, तिसरी पुन्हा पहिलं. कागदावर दुप्पट वेग. पण दोघांच्या फ्रेम ठरावीक अंतराने येतीलच याची खात्री नाही. समजा सेकंदाला ६० फ्रेम्स येताहेत. म्हणजे दर १६-१७ मिलिसेकंदाला एक यायला हवी. प्रत्यक्षात एक ६ मिलिसेकंदात आली आणि पुढची २७ मिलिसेकंदांनी, तरी सरासरी तीच निघते! कोपऱ्यातला काउंटर ६० दाखवतो, डोळ्याला मात्र ३५-४० वर अडखळल्यासारखं दिसतं. याला मायक्रोस्टटर म्हणतात. पोळ्याला सजवलेली बैलजोडी बघा. जू मानेवर असल्यामुळे दोघांना एकाच पावलाने चालावं लागतं. कार्डांच्या जोडीत ते जू म्हणजे ड्रायव्हर आणि गेमचा कोड. ते नीट बसवलेलं नसेल तर एक बैल पुढे, एक मागे, आणि वखर वाकडा!

दुसरी गोष्ट मेमरीची. आठ जीबीची दोन कार्डं जोडली की सोळा जीबी होते, असं ठासून सांगणारे महाभाग आपल्याकडे आहेत. गेमिंगमध्ये तसं होत नाही. दोघांनाही तेच चित्र काढायचं असतं, म्हणून तेच सामान दोघांच्या मेमरीत वेगवेगळं भरून ठेवावं लागतं. एका रूममध्ये दोघांनी एकाच पुस्तकाच्या दोन कॉपी घेतल्या, तर लायब्ररी दुप्पट होत नाही. आठ अधिक आठ बरोबर आठच!

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आजचे गेम्स मागच्या फ्रेमची माहिती वापरून पुढची फ्रेम काढतात. कडा गुळगुळीत करायचं टेम्पोरल अँटी-अलायसिंग असो की डीएलएसएससारखं अपस्केलिंग, सगळ्यांना आधीची फ्रेम हातात लागते. म्हणजे दुसऱ्या कार्डाने पहिल्याची वाट बघत बसायचं. मग वाटणी कसली आणि वेग कसला?

हे कंपन्यांना आपल्याआधी कळलं. २०१६ मध्ये आलेल्या जीटीएक्स १०६० ला एनव्हिडियाने एसएलआयची जोडणीच दिली नाही. २०२० च्या आरटीएक्स ३० मालिकेत ती फक्त सर्वात महागड्या ३०९० ला उरली आणि २०२२ च्या ४० मालिकेतून पूर्ण गेली. मधल्या काळात, १ जानेवारी २०२१ पासून, जुन्या कार्डांसाठी नवीन एसएलआय प्रोफाइल बनवणंही एनव्हिडियाने बंद केलं. एटीआय विकत घेतलेल्या एएमडीने तर २०१७ मध्येच क्रॉसफायर हे नाव बाजूला ठेवलं. डायरेक्टएक्स १२ मध्ये गेम बनवणाऱ्याने स्वतः दोन कार्डांसाठी कोड लिहायची सोय आहे, पण मूठभर गेम्स सोडले तर ते कष्ट कोणी घेतले नाहीत. म्हणजे आज तुम्ही जोडी लावलीत, तरी बहुतेक नव्या गेममध्ये एक कार्ड राबणार आणि दुसरं कॅबिनेटमध्ये बसून नुसता दिवा लावणार.

मग हे जोड्या विकणारे येतात कुठून? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचं मायनिंग बंद झालं. महिनोन्‌महिने दिवस-रात्र घासलेली कार्डं सेकंडहँड बाजारात आली. तो माल अजून हातोहात फिरतोय. जीटीएक्स १०७० चंच उदाहरण घ्या, कारण जोडी म्हणून तेच जास्त खपवलं जातं. हे कार्ड २०१६ चं. त्याच्या पिढीला नवीन गेम्ससाठी ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं, आता फक्त सुरक्षेचे अपडेट्स. याची जोडी घेणं म्हणजे रिटायर झालेल्या दोन मास्तरांना नव्या सिलॅबसचा क्लास घ्यायला लावणं.

आता जरा आपल्या चंद्रपूरकडे येऊ, कारण इंटरनेटवरचे सल्ले देणाऱ्यांना आपला मे महिना माहीत नसतो. बाहेर पंचेचाळीस अंश, आत पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये एकावर एक दोन कार्डं. खालचं गरम हवा सोडणार, वरचं तीच ओढणार. या कार्डांचं तापमान ८३ अंशांच्या आसपास गेलं की ती स्वतःच आपला वेग कमी करतात. म्हणजे दुप्पट पॉवरसाठी घेतलेली जोडी भर उन्हाळ्यात एका कार्डाचंही काम धड करणार नाही. त्यात आपल्याकडची धूळ. खिडकीच्या गजावर बोट फिरवलं तरी काळं होतं, मग पंख्यांच्या पात्यांचं काय होत असेल? २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली, त्यात चंद्रपूर उगाच नव्हतं. जेवढी कार्डं, तेवढे पंखे, तेवढी सफाई.

विजेचाही हिशेब करू, तोंडी नाही, आकड्यात. १०७० चं एक कार्ड १५० वॉटचं, जोडी ३०० वॉट. २०२३ चं आरटीएक्स ४०६० एकटं ११५ वॉटचं, आणि वेगाने १०७० च्या कितीतरी पुढे. फरक १८५ वॉट, म्हणजे साधारण एका घरगुती कूलरएवढा. रोज चार तास खेळलं तर महिन्याला सुमारे २२ युनिट जास्त. कोळशावरच्या विजेला एका युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका मुलाच्या हौसेसाठी दर महिन्याला तेरा ते पंधरा किलो कोळसा जास्तीचा! दुर्गापूरचं आपलं २९२० मेगावॉटचं वीज केंद्र त्याने बंद पडणार नाही, हे मान्य. पण ज्या गावात चिमणीचा धूर आणि राख आपल्याच नाकात जाते, त्या गावात तरी हा हिशेब करावा. आणि विंगमध्ये चार जणांनी जोड्या लावल्या, तर रात्री एमसीबी पडल्यावर शिव्या कोणाला बसतील, हे मी सांगायला नको.

इथे आमचे कॉम्प्युटर ब्रँचचे मित्र हात वर करतील. "अरे, मग पॅरलल प्रोसेसिंग काय खोटं आहे का?" मुळीच नाही, आणि त्याचा सर्वात मोठा पुरावा महाराष्ट्रातच आहे. अमेरिकेने भारताला हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. तिचं नेतृत्व केलं विजय भटकर यांनी, म्हणजे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या, नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या आपल्या वैदर्भीय माणसाने. एकच अतिवेगवान प्रोसेसर मिळत नाही, तर साधे पुष्कळ प्रोसेसर जोडू, या विचारातून १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्याच सी-डॅकचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत ६३ वा होता, आणि तो उभा आहे एनव्हिडियाच्या शेकडो जीपीयूंवर.

मग तिथे जमतं ते आपल्या गेममध्ये का नाही? कारण काम वेगळं आहे. गडचिरोलीच्या मित्राला विचारा. धानाच्या रोवणीला दोनऐवजी वीस बाया लावल्या, तर बांधी झटपट रोवून होते, कारण प्रत्येकीला आपली ओळ स्वतंत्र रोवता येते. पण वीस बाया लावल्या म्हणून पऱ्हे लवकर वाढत नाहीत. हवामानाचा नकाशा तुकड्यांत वाटता येतो, ती रोवणी. गेममधली पुढची फ्रेम मागच्या फ्रेमवर आणि तुमच्या माउसच्या क्लिकवर अवलंबून असते, ते पऱ्हे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं. कामाचा २० टक्के भाग वाटता येत नसेल, तर दोन प्रोसेसर लावून वेग दुप्पट नाही, जास्तीत जास्त १.६७ पट होतो. आणि हजार लावले तरी पाचपटीच्या पुढे जात नाही.

म्हणून माझा विरोध जोडीला नाही, गेमिंगसाठीच्या जोडीला आहे. कोणाला ब्लेंडरमध्ये अ‍ॅनिमेशन रेंडर करायचंय, तर दोन कार्डं दोन वेगळ्या फ्रेम्स सुखाने काढतील. कोणाचा फायनल इयर प्रोजेक्ट मशीन लर्निंगचा असेल, तर मोठं मॉडेल दोन कार्डांच्या मेमरीत वाटून बसवता येतं, तिथे आठ अधिक आठ खरोखर सोळाच्या जवळ जातात. त्यांनी जोडीचा विचार जरूर करावा. पण रात्री दहानंतर मॅच खेळायची आणि नाव प्रोजेक्टचं सांगायचं, असं असेल तर स्वतःशी तरी खरं बोला.

एक युक्तिवाद अजून उरतो. "आज एक घेतो, पुढच्या वर्षी पैसे आले की तसंच दुसरं लावतो." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण त्यासाठी दोन स्लॉटचा महाग मदरबोर्ड आणि मोठा पॉवर सप्लाय आजच घ्यावा लागतो. एवढं करून वर्षाने दुसरं लावायला जाल, तर नव्या कार्डांना जोडणीच नाही. त्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी जुनं विका, त्यात भर घाला आणि एकच चांगलं घ्या. एका कार्डाला साधा मदरबोर्ड आणि ५५० वॉटचा चांगला पॉवर सप्लाय पुरतो. वाचलेल्या पैशात एसएसडी येते, सोळा जीबी रॅम येते. आणि सुट्टीत पीसी अहेरी-सिरोंच्याला नेणाऱ्यांनी यूपीएस घ्यावा, कारण तिकडची वीज पावसाळ्यात कशी लपंडाव खेळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. नव्या कार्डावर बहुतेक कंपन्या तीन वर्षांची वॉरंटी देतात. सिरोंच्यापासून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या आसपास, नागपूर त्याहून पुढे. तिथे बिघडलेली बिनवॉरंटीची जोडी घेऊन एसटीत बसायची कल्पना करून बघा!

मित्रांनो, हे पैसे कुठून येतात हे आपल्याला माहीत आहे. कोणाच्या घरी कापूस विकलेला असतो, कोणाकडे धानाचे चुकारे आलेले असतात, कोणाच्या वडिलांनी खाणीत ओव्हरटाइम केलेला असतो. बाबांना एसएलआय कळत नाही. ते आपल्यावर विश्वास ठेवून पैसे देतात, कारण पोरगा इंजिनिअर होतोय, त्याला कळत असेल. तेव्हा 'डबल पॉवर' ऐकल्यावर निदान आपण तरी दोन प्रश्न विचारू: मी खेळतो त्या गेममध्ये दुसरं कार्ड चालतं का? आणि चालतं, तर दाखवता का? विकणाऱ्याने समोर चालवून दाखवलं, तर माझा हा लेख खुशाल फाडून टाका. नाही दाखवलं, तर हात जोडा, आणि त्याच पैशात येईल तेवढं चांगलं एकच कार्ड घ्या.