हवामानाचा अंदाज आणि पेरणीची जोखीम

रोहिणी नक्षत्र लागले की कोरडवाहू महाराष्ट्राचे लक्ष आभाळाकडे आणि हवामान खात्याच्या पुढील आठवड्याच्या अंदाजाकडे लागते. मेअखेरच्या या अंदाजाची भाषा आता परिचयाची झाली आहे. विदर्भात पारा चढा राहील. मराठवाडा व मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस पडेल. सोसाट्याचे वारे वाहतील. यातील ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजेत. खात्याच्या परिभाषेत त्यांचा अर्थ असा, की त्या विभागातील फार तर २५ टक्के केंद्रांवर पावसाची नोंद होईल. म्हणजे मराठवाड्यातील चारांपैकी तीन केंद्रे कोरडी राहिली तरी अंदाज खराच ठरतो. शेतकऱ्याला मात्र आपल्या शिवारापुरते उत्तर हवे असते, आणि ते या चार शब्दांच्या वाक्यात नसते.

या तफावतीतून केवढा संताप साचतो हे २०१७ साली दिसले. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्याच्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांकडे तक्रार केली. खात्याने बियाणे व कीटकनाशकांच्या कंपन्यांशी संगनमत केल्याचा त्यांचा आरोप होता. त्या आरोपात आम्हांला तथ्य वाटत नाही. पण पेरलेले वाया गेलेल्या माणसाने दाद मागायची कोठे, हा त्यांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

२०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. त्यानंतर त्याची वाटचाल दोन आठवड्यांहून अधिक काळ थबकली. पेरणीची घाई करू नका, असे कृषी विभाग सांगत होता. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्यावाचून पेरू नये, हा सल्ला शास्त्रशुद्धच आहे. पण थांबणे कोणाला परवडते? ज्याच्या विहिरीला पाणी आहे, औजारे घरची आहेत, त्याला. भाड्याच्या ट्रॅक्टरची पाळी ज्या दिवशी येते त्याच दिवशी ज्याला पेरावे लागते, मूग-उडदाचा हंगाम हुकण्याची धास्ती ज्याला आहे, त्याला तोच सल्ला पाळता येत नाही. कृषी सेवा केंद्रातून उधारीवर उचललेले बियाणे उगवले नाही तर तो दुबार पेरणीसाठी दुसऱ्यांदा कर्ज काढतो. माहिती सर्वांना फुकट मिळाली म्हणून तिचा उपयोग सर्वांना सारखा होतो, असे आम्ही वर्गात शिकवीत असू. तो पाठ अर्धवट होता.

अशा वेळी शासनाने काय करावे? अंदाजाचे तालुकावार सल्ल्यात रूपांतर करण्यासाठी २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी-हवामान केंद्रे उघडली गेली. देशात अशी १९९ केंद्रे होती. २०२४ साली केंद्र सरकारने ती बंद केली. राज्य सरकारने एक रुपयातला पीकविमा २०२५ च्या खरिपापासून गुंडाळला. त्या योजनेत गैरप्रकार झाले, हे आम्ही नाकारत नाही. चोर सापडले म्हणून घरमालकालाच बाहेर काढण्याचा हा न्याय आहे. जिल्हा केंद्रे पुन्हा सुरू करावीत आणि दुबार पेरणीचे बियाणे अल्पभूधारकांना सरकारी खर्चाने द्यावे, या मागण्या पक्षाने मृगापूर्वीच लावून धरल्या पाहिजेत.

तोवर येत्या आठवड्यात प्रत्येक शाखेने रोजचा अंदाज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा आणि ‘तुरळक’चा अर्थ त्याखाली सोप्या शब्दांत द्यावा. बियाण्याची पावती, पिशवी व तिच्यावरील टॅग जपून ठेवण्यास शेतकऱ्यांना सांगावे. उधारीवर बियाणे उचललेल्यांची यादी आताच करावी; तहसील कचेरीत जाताना ती हाती लागेल.