वालधुनीचा नकाशा मुलांना काढू द्या




आमच्या भागातल्या अनेक शाळांत प्रोजेक्टर आले, स्मार्ट बोर्ड आले. भूगोलाच्या तासाला मात्र पूर्वी खिळ्याला टांगायचो तो नकाशा आता पडद्यावर पाडतो, एवढाच फरक. मुले तेव्हाही बघत बसायची, आताही बघतच बसतात. डिजिटल नकाशा मुलांच्या हाती द्यावा आणि सुरुवात त्यांच्या गल्लीपासून करावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

नववीच्या वर्गात मी वालधुनीबद्दल विचारले. कुणी म्हणाले पूल, कुणी म्हणाले नाला. नदी कुणीच म्हणाले नाही. मग संगणक कक्षात गूगल अर्थ प्रो उघडले. ते मोफत मिळते. मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांतून निघून अंबरनाथ, उल्हासनगरमार्गे कल्याणजवळ उल्हासला मिळणाऱ्या या नदीवर मुलांनी स्वतः रेष ओढली आणि त्या रेषेचा उंचीचा आलेख काढला. डोंगरात तो झपकन उतरतो, पुढे जवळजवळ आडवा पडतो. "मग पाणी आपल्याकडेच साचणार ना?" एका मुलीने विचारले. २६ जुलै २००५ चा पूर तिने आजीच्या तोंडून ऐकला होता. भरतीच्या वेळी उल्हासच्या खाडीचे पाणी वर चढते आणि नदीची वाट अडते, हे त्या दिवशी मला वेगळे समजावावे लागले नाही.

नववीच्या पुस्तकातला पहिलाच धडा वितरणाच्या नकाशांचा आहे. टिंब, क्षेत्रघनी, समघनी या पद्धतींच्या व्याख्या मुले घडाघडा म्हणतात, पण स्वतःच्या प्रभागातल्या विहिरींची टिंबे कुणी मांडत नाही. ठाण्याच्या मुलांना मासुंदा, कचराळी, उपवन तलावांच्या कडेने रेषा काढून क्षेत्रफळ मोजता येईल. गूगल अर्थ प्रोमध्येच जुनी उपग्रह छायाचित्रेही पाहता येतात. घोडबंदर रस्त्याच्या कडेला वीस वर्षांत काय काय उभे राहिले, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहायलाच हवे.

मोबाइलचे व्यसन वाढेल, अशी भीती पालक बोलून दाखवतात. या कामाला मोबाइल लागतच नाही. एका संगणकावर चौघे बसले तरी भागते. हाताने नकाशा काढायची सवय जाईल, ही भीती मात्र मला रास्त वाटते. म्हणून आधी पावले मोजून, पेन्सिलीने, दिशा आणि प्रमाण दाखवून शाळेच्या आवाराचा नकाशा काढून घ्यावा, मगच संगणक सुरू करावा. 'पोर्शन कधी संपवायचा' असे सहकारी विचारतात. त्यांना मी सांगते, हाच पोर्शन आहे.

साधनांची वाण नाही. इस्रोचे 'भुवन' २००९ पासून आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर मुले आपल्या भागातला सुटलेला पूल किंवा पायवाट स्वतः भरू शकतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरची जुनी बंधनेही बरीच सैल केली. अडते ते स्थानिक माहितीपाशी. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी नाले, प्रभागांच्या हद्दी आणि पूररेषा शाळांना द्याव्यात. स्कॅन केलेला कागद नको, नकाशावर थेट चढवता येईल अशी फाइल हवी. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी ती मिळाली, तर येत्या पावसाळ्यात पाणी कुठे आणि किती वेळ तुंबते, हे आमची नववीची मुले स्वतः नोंदवतील.

— एक भूगोल शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)