जेवणाचं बंड म्हणे!

परवा आरे-वारेला गेलो होतो. चढावरच्या वळणावर गाडी थांबवून खालचे दोन्ही किनारे बघत उभे होतो, तेवढ्यात आमचा आतेभाऊ म्हणाला, "सैनिकानं हुकूम पाळायचा, प्रश्न विचारायचे नाहीत." मी १९४६ च्या नाविकांचं नाव काढलं. तर म्हणे, "ते होय! जेवणासाठी केलेलं बंड!" घरची माणसं सोबत होती म्हणून तिथे गप्प बसलो. आता इथे भांडतो.

मुळात याच किनाऱ्यानं इंग्रजांच्या आरमाराला पिढ्यानपिढ्या खलाशी दिले. रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं, त्यात कोकणी मुसलमान पुष्कळ. दुसऱ्या महायुद्धात मग देशभरातून भरती झाली. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार'वर (हे जहाज नव्हे, संदेशवहनाची शाळा) संप सुरू झाला आणि बघता बघता मुंबई बंदरातल्या जहाजांवर पसरला. जेवण निकृष्ट होतं, खरंय. गोऱ्यांइतका पगार हवा होता, शिवराळ कमांडरवर कारवाई हवी होती. पण यादी तिथे संपत नाही. आझाद हिंद सेनेचे कैदी सोडा आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा, याही मागण्या होत्या.

आता सांगा, डाळीतल्या खड्यांचा आणि इंडोनेशियाचा काय संबंध?

इंडोनेशियानं ऑगस्ट १९४५ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. तिथे डचांना परत यायला वाट मोकळी झाली ती इंग्रजांनी उतरवलेल्या हिंदी पलटणींमुळे. सुराबायाच्या रस्त्यांवर लढलेल्या ४९व्या ब्रिगेडमध्ये मराठा पलटणी होत्या! एका गुलाम देशातली आपलीच पोरं दुसऱ्या देशाला पुन्हा गुलाम करायला मरत होती, मारत होती. काही हिंदी शिपाई तर तिकडे इंडोनेशियन बाजूला जाऊन मिळाले. आणि इकडे मुंबईतले विशी-बाविशीतले नाविक म्हणत होते, त्यांना परत आणा. स्वतःची नोकरी आणि मान पणाला लावून. याला जेवणाचं बंड म्हणायचं?

हे काही अहिंसावादी साधू नव्हते. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सवर गोळीबार झाला तेव्हा त्यांनीही उलट गोळ्या झाडल्या. ॲडमिरल गॉडफ्रेनं आरमार नष्ट झालं तरी चालेल अशी धमकी दिली, रस्त्यावर गिरणी कामगार मरत होते, परळला कमल दोंदे गोळी लागून गेल्या. शहरात दोनशेच्या वर माणसं मेली. अशा वेळी वल्लभभाईंनी शरण जा म्हटलं, ते मी समजू शकतो. २३ ला नाविक शरण गेले. पण कुणावर सूड उगवला जाऊ नये यासाठी प्रयत्न करू, असा जो शब्द मिळाला होता, त्याचं काय झालं? शेकडो जणांना पकडून बडतर्फ केलं. स्वातंत्र्य आलं, तरी नौदलाचे दरवाजे त्यांना उघडले नाहीत. स्वतंत्र भारतालाही शिस्तीचं सैन्य लागेल, हा वल्लभभाईंचा मुद्दा होता. बरोबर आहे. पण मग शिस्त मोडली कुणाच्या राज्याची, हे तरी बघाल की नाही?

असो. येताना रत्नागिरीत थिबा पॅलेस बघितला. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, १८८५ च्या युद्धात राज्य गेलं आणि १९१६ मध्ये इथेच वारला. आतेभावाला फार हळहळ वाटली, दोन-तीनदा "बिचारा" म्हणाला. त्याला मंडालेतून काढणाऱ्या फौजेत हुकूम पाळणारे हिंदी शिपाई होते, हे तेव्हा सांगायचं राहिलं. हा ब्लॉग तो वाचतो.