आमदार माढ्याचा की चेअरमन कारखान्याचा? ऊसदराच्या गलक्यात पाण्याचा हिशेब मागे

माढा : माढ्यात विधानसभेचा उमेदवार माईकवर आला की पहिल्या पाच मिनिटांत टनाचा भाव निघतो. रस्ता, दवाखाना, एमआयडीसी, पोरांच्या नोकऱ्या हे सगळं नंतर. २०२४ च्या निवडणुकीतही हेच झालं. निकाल मात्र वेगळा लागला, आणि त्या निकालाचा अर्थ तालुक्यात अजून ज्याचा त्याचा वेगळा आहे.

१९९५ पासून सलग सहा वेळा बबनदादा शिंदे इथून निवडून आले. दादा थांबले आणि चिरंजीव रणजितसिंह अपक्ष उभे राहिले. महायुतीकडून मीनल साठे, तर शरद पवार गटाकडून पंढरपूरच्या विठ्ठल कारखान्याचे चेअरमन अभिजीत पाटील. २३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली आणि पाटील ३० हजारांहून जास्त मतांनी आले. तीस वर्षांची घरातली आमदारकी गेली. पण पुन्हा निवडून आला तो साखर कारखान्याचा चेअरमनच. माणूस बदलला, खुर्चीची जात बदलली नाही.

पाटलांच्या प्रचाराचा कणा होता विठ्ठल कारखाना. दोन हंगाम बंद राहिलेला कारखाना २०२२ मध्ये ताब्यात घेतला, धुराडं पेटवलं, उसाला भाव दिला. आता आमदारकी द्या. शिंदे गटाचं सांगणं होतं की सीना-माढा उपसा सिंचन, भीमा-सीना जोड बोगदा आणि पिंपळनेरचा कारखाना दादांच्या काळात उभा राहिला, म्हणून माढ्याचं माळरान हिरवं झालं. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. अडचण अशी की मतदार त्याच वेळी सभासदही असतो. ज्याच्याकडे उसाची नोंद, त्याच्याविरुद्ध उघड बोलायचं तर तोड वेळेवर येईल का, ही धास्ती मनात असतेच.

उसाचा भाव काही विधानसभेत ठरत नाही. एफआरपी केंद्र सरकार ठरवतं. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागं ३,४०० रुपये ठरले होते. उतारा कमी तर रक्कम कमी, आणि त्यातूनच तोडणी-वाहतूक कापली जाते. सोलापूरचा उतारा कोल्हापूरइतका बसत नाही, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे, हा कायदा. त्यापेक्षा जास्त द्यायचे की नाही, हे कारखान्याचं संचालक मंडळ बघतं. म्हणजे सभेत जाहीर होणारा दर हा चेअरमनचा शब्द असतो, आमदाराचा नव्हे. पैसे थकले तर साखर आयुक्तांकडे वसुलीची कारवाई लावून धरणं, हे मात्र आमदाराचं काम. आता पैसे देणारा आणि जाब विचारणारा एकच माणूस असेल तर विचारायचं कुणी कुणाला?

याची दुसरी बाजूही माढेकरांनी पाहिली. एप्रिल २०२४ मध्ये, ऐन लोकसभेच्या प्रचारात, थकीत कर्जापोटी राज्य सहकारी बँकेनं विठ्ठल कारखान्याची गोदामं सील केली. त्यानंतर पाटलांनी महायुतीला पाठिंबा दिला आणि विधानसभेला ते पुन्हा पवारांकडून लढले. कारखाना वाचवायला गेलो, असं त्यांचे समर्थक म्हणतात, आणि सभासदाला ते पटलंही असावं. पण कारखान्याची मान सरकारच्या हातात असली की आमदाराला भूमिका घेताना किती मोकळीक उरते, ते त्या दोन महिन्यांत दिसलं.

आमदाराचा शब्द खरा चालतो तो पाण्यावर. उजनी धरण याच तालुक्यात. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला उपयुक्त सुमारे ५३.५, बाकीचा मृतसाठा. कालव्याला पाणी कधी, उपसा योजनेचे पंप कधी चालू, नदीत किती सोडायचं, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. तिथं आमदार बसतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. मोटारी पुढं पुढं सरकवून, पाइप वाढवून लोकांनी ऊस जगवला. ऑगस्टमध्ये धरण भरलं, नोव्हेंबरात मतदान झालं. भरलेल्या धरणाच्या काठावर पाण्याचं भाषण कोण ऐकणार? निवडणूक मे महिन्यात असती तर प्रचाराची भाषाच वेगळी ऐकू आली असती.

आवर्तनाच्या तारखा आधी जाहीर करा, टेलच्या गावाला पहिलं पाणी द्या, ही मागणी जुनीच. धरण भरलेल्या साली ती कुणाला आठवत नाही.

त्यात तालुका दोन आमदारांत वाटलेला. कुर्डुवाडीसह माढ्याची ३६ गावं करमाळा मतदारसंघात, तर माढा मतदारसंघात पंढरपूर आणि माळशिरसची गावं. तहसील एक, आमदार दोन. कुर्डुवाडीच्या प्रश्नावर माढ्याचा उमेदवार बोलत नाही, कारण तिथं त्याला मत नाही. करमाळ्याच्या उमेदवाराला ही ३६ गावं मतदानापुरती दिसतात, असा तिथल्या लोकांचा राग आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये या सगळ्याची परीक्षा झाली. कायम कोरडी म्हणून ओळखली जाणारी सीना फुटली. दारफळ, निमगाव, उंदरगाव, केवड, वाकाव पाण्यात गेली. माणसं बाहेर काढायला हेलिकॉप्टर लागलं. मुख्यमंत्री पाहणीला आले. पुढं ७ ऑक्टोबरला राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत, असा आकडा होता. पण गाळाखाली गेलेला ऊस, वाहून गेलेल्या मोटारी आणि मेलेली जनावरं यांचा पंचनामा तलाठ्याच्या वहीत नीट चढतो का, हे बघायला गावात उभं राहावं लागतं.

एक गोष्ट मात्र २०२४ च्या प्रचारात कुणाच्याच तोंडी नव्हती. सीनेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, त्यांचे बर्गे कधी काढायचे आणि वरच्या सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी धरणांतून पाणी सुटलं की माढ्यातल्या गावांना किती तास आधी कळवायचं. ती धरणं परंड्याकडं, म्हणजे जिल्हा वेगळा. तिथला सायरन इथं ऐकू येत नाही. आबांना हा विषय विधानसभेत न्यावा लागेल, आणि ज्यांना पुढच्या वेळी उभं राहायचंय त्यांनाही दर सांगण्याआधी याचं उत्तर सीनाकाठच्या गावांना द्यावं लागेल.