पुलाचे भय आणि पुलाचा दाखला

उंच किंवा जुनाट पुलावर गाडी चढली की ज्यांच्या तळहातांना घाम सुटतो, अशी माणसे आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक असावीत. त्यांची गणती होत नाही, कारण ती बोलत नाहीत. तीस वर्षे गाडी चालवणारा गृहस्थ सापाची भीती हसत कबूल करील, पुलाची करणार नाही. मानसशास्त्रात या भयास ‘गेफायरोफोबिया’ असे ग्रीक मुळाचे नाव आहे. ‘गेफिरा’ म्हणजे पूल. मराठीत त्यास स्वतंत्र शब्द नाही, आणि ज्या दुःखास शब्द नसतो ते सांगणेही कठीण जाते.

रायपूर ते नागपूर हा रस्ता इकडच्या मराठी माणसाच्या नित्य परिचयाचा. लग्नकार्य, श्राद्धपक्ष, मुलांचे शिक्षण, वृद्धांचे औषधपाणी, या ना त्या निमित्ताने तो होतोच. सुमारे तीनशे किलोमीटरच्या या वाटेवर खारून, शिवनाथ, बाघ, वैनगंगा आणि कन्हान अशा पाच नद्या लागतात. माझे एक स्नेही, पिढ्यान्‌पिढ्या रायपुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले, प्रत्येक मोठ्या पुलाअलीकडे गाडी बाजूस घेतात आणि सुकाणू वहिनींच्या हाती देतात. घरात याची थट्टा होते. मला मात्र त्यात थट्टेचा विषय दिसत नाही. वहिनींना गाडी चालवता येते म्हणून त्यांचे माहेरघर आणि सासरघर जोडलेले राहिले आहे. ज्यांच्या घरी दुसरा चालक नाही, ते हळूहळू प्रवासच टाळू लागतात आणि नातीगोती विरळ होत जातात. भयाची खरी किंमत ही अशी मोजावी लागते.

या भयाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे केल्यावाचून विचार पुढे सरकत नाही. पहिला भाग मनाचा. पूल भक्कम आहे हे ठाऊक असूनही छाती धडधडते, आपणच कठडा तोडून खाली जाऊ असे वाटते. यावर उपाय आहेत. आधी लहान पुलावरून शेजारी बसून जावे, मग स्वतः चालवावे, मग मोठा पूल घ्यावा, अशा क्रमाक्रमाने सरावाच्या उपचारपद्धतीने पुष्कळांना उतार पडतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातील मॅकिनॉक हा १९५७ साली खुला झालेला पूल सुमारे आठ किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या आतल्या मार्गिकेत पोलादी जाळी असल्याने खालचे पाणी दिसते. तेथे घाबरलेल्या चालकाची गाडी पुलाचा कर्मचारी अल्प शुल्क घेऊन पलीकडे नेऊन देतो. मेरीलँडमधील चेसापीक उपसागरावरील पुलासाठी हेच काम खासगी व्यावसायिक करतात. त्या भागात राहणाऱ्या वाचकांना हे नवे नसेल. तेथे भिणाऱ्यास कोणी हसत नाही, त्याची सोय केली जाते.

दुसरा भाग बुद्धीचा आहे आणि प्रशासनाचा संबंध येतो तो येथे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि अन्य वाहने नदीत गेली आणि सुमारे ४० माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन पूल वाहतुकीस योग्य ठरला होता, असे नंतर शासनाच्या वतीने सांगण्यात आले. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून ४ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर महिना होण्याच्या आत, ९ जुलैला, गुजरातेत मही नदीवरील १९८५ सालचा गंभीरा पूल भरदिवसा तुटून किमान २० जण गेले. इतके पाहिल्यावर पुलावर पाऊल ठेवताना मन कचरत असेल, तर त्यास विकार म्हणणे अन्यायाचे होईल.

फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम. जिची मोजता येत नाही ती अनिश्चितता. माणूस जोखमीशी जुळवून घेतो, अनिश्चिततेपुढे मात्र तो हात जोडतो. आपल्याकडे नदी आली की गाडीतली माणसे खरोखरच हात जोडतात, पाण्यात नाणे टाकतात. ‘पुलाला बळी लागतो’ ही जुनी समजूतही त्याच अनिश्चिततेतून आली असावी. पुलांचा धोका मोजता येत नाही असे मात्र नाही. अभियंते तो मोजतात. पायाजवळची माती किती खरवडली, खांबांवरील आधार झिजले का, सांधे उघडले का, काँक्रीटमधील सळ्या गंजल्या का, हे पाहून अहवाल लिहिला जातो. सावित्री दुर्घटनेनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची सूची करणारी व्यवस्थाही सुरू केली. म्हणजे अभियंत्याच्या टेबलावर जी जोखीम असते, ती प्रवाशाच्या मनात अनिश्चितता होऊन राहते. दोहोंमध्ये आडवी येते ती फाईल.

मी राहतो त्या रायपूरच्या सदर बाजारात दोन्ही बाजूंस सोन्याचांदीच्या पेढ्या आहेत. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळखखूण बंधनकारक झाली. अंगठी घेणारी बाई ती खूण मोबाईलमध्ये घालून शुद्धता पडताळू शकते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० सालच्या निबंधात दाखवून दिले, की विकणाऱ्यास मालाचा दर्जा ठाऊक आणि घेणाऱ्यास नाही अशी स्थिती असली, म्हणजे चांगल्या मालावरचाही विश्वास उडतो. सोन्याच्या बाबतीत आपण हे ओळखले आणि त्यावर तोड काढली. चार ग्रॅमच्या अंगठीस दाखला आहे. ज्यावरून रोज हजारो माणसे जातात त्या पुलास, प्रवाशाला वाचता येईल असा दाखला नाही. परिणामी एक पूल पडला की शेजारच्या शंभर भक्कम पुलांवरचाही विश्वास ढळतो.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक मोठ्या पुलाच्या दोन्ही तोंडांशी एक फलक असावा. त्यावर बांधकामाचे वर्ष, शेवटच्या पाहणीचा दिनांक, पाहणीत ठरलेली श्रेणी, भारमर्यादा, पुढील पाहणीचा दिनांक आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम, इतकेच लिहावे. पूर्ण अहवाल संकेतस्थळावर ठेवावा. यासाठी नवा कायदा नको. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ माहिती आपण होऊन प्रकट करण्यास सांगतेच.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की लोक घाबरतील. लोक आजही घाबरलेलेच आहेत. फरक इतकाच, की आज ते सरसकट सगळ्या पुलांना भितात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कुंडमळ्यास पूल धोकादायक असल्याचा फलक होता, तरीही गर्दी झाली. मग फलकाने काय साधते? माझे उत्तर असे, की ‘धोकादायक’ हा शब्द आपण इतक्या ठिकाणी लावला आहे की चलन वाढून रुपयाचे मोल घसरावे तसे त्याचे मोल घसरले आहे. अशा फलकावर ना दिनांक असतो, ना कारण. त्याने प्रवाशाचे रक्षण होत नाही, लावणाऱ्याचे होते, कारण जबाबदारी गुपचूप प्रवाशाच्या खांद्यावर सरकते. पूल खरोखर धोक्याचा असेल तर फलकाने भागत नाही, तो बंद करावा लागतो.

आणि नेमके हेच अवघड आहे. पूल बंद केला तर वळसा पडतो, भाडे वाढते, बाजार ओरडतो, निवेदने येतात. हा खर्च आज आणि डोळ्यांदेखत होतो. पूल बंद केल्याने वाचलेली माणसे कोणालाच दिसत नाहीत, आपण वाचलो हे त्यांनाही कळत नाही. अशा हिशेबात सावध अधिकारी नेहमीच तोट्यात जातो. मात्र पाहणीची श्रेणी फलकावर जाहीर असेल, तर पूल बंद करण्याच्या निर्णयामागे तीच उभी राहील आणि तो निर्णय एकट्या अधिकाऱ्याची लहर ठरणार नाही. फलक प्रवाशासाठी जितका हवा, तितकाच तो प्रामाणिक अभियंत्यासाठीही हवा. (ही मते अर्थातच माझी वैयक्तिक आहेत.)

दाखल्याने सगळे भय जाईल, असा माझा दावा नाही. अमेरिकेत १९६७ साली ओहायो नदीवरचा सिल्व्हर पूल पडून ४६ माणसे गेली, त्यानंतर तेथे पुलांच्या नियतकालिक पाहणीचे राष्ट्रीय नियम झाले. तरीही २००७ साली मिनियापोलिसचा पूल पडला आणि १३ जण गेले. त्याच्या रचनेतील उणिवेची नोंद सरकारी दफ्तरात आधीच होती. नोंदीनंतर कृती व्हावी लागते, हा त्याचा बोध. आपल्याकडे मात्र नोंद लोकांपुढे येणे हीच अजून पहिली पायरी आहे.

माझ्या स्नेह्यांच्या छातीतली धडधड कोणत्याही फलकाने थांबणार नाही. तिचा इलाज वेगळा आहे आणि तो त्यांनी करून घ्यावा. परंतु वैनगंगेच्या काठी गाडी थांबवून ते जो प्रश्न विचारतात, ‘हा पूल शेवटचा कोणी आणि कधी पाहिला?’, तो त्यांच्या आजाराचा भाग नाही. तो करदात्याचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तेथेच, पुलाच्या तोंडाशी, मराठीत लिहिलेले असावे.